हाकारी

३ नोव्हेंबर
पोचले एकदाची! तळ्याकाठचं हे घर मैनेने पत्रात लिहिलं होतं त्याहूनही देखणं निघालं. माझी खोली वरच्या मजल्यावर. एकच खिडकी, पण केवढी मोठी. शाळेत अखंड बडबडायची म्हणून तिला आम्ही मैना म्हणायचो. फाटकातच गळ्यात पडली आणि म्हणाली, बगळे, मान अजून तेवढीच लांब आहे की गं तुझी! चाळीस वर्षांत मला कुणी बगळी म्हटलं नव्हतं. डोळेच भरून आले.

कामही हलकं आहे. इथलं पक्षिमंडळ शंभर वर्षांहून जुनं. त्यांच्या निरीक्षणाच्या वह्यांची नीट सूची करायची. शाळेत मदरनी आम्हा दोघींत मिळून एक दुर्बीण दिली होती. एक काच तिच्या डोळ्याला, एक माझ्या, गालाला गाल लावून. तेव्हापासूनचा हा नाद.

मैनेने भेट म्हणून पांढऱ्या धातूचं हलकं कडं हातात चढवलं. आत आकडा कोरलाय, ४१. हे काय म्हणून विचारलं, तर म्हणाली, तुझा हजेरीचा नंबर, विसरलीस ना? मला आठवेना. तिला आठवतोय म्हणजे असेल.

५ नोव्हेंबर
जुन्या वह्या वाचताना जीव कासावीस होतो. त्या काळी पक्षी बघायला जायचं ते बंदूक घेऊन. पाडल्याशिवाय नाव ठरवायचंच नाही. खालच्या दालनात खणांची उंच कपाटं आहेत. एकेका खणात पक्षी ओळीने उताणे निजवलेले, डोळ्यांत कापूस, पायाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. मंडळाचे चिटणीस हळू आवाजात बोलणारे, फार सभ्य गृहस्थ. त्यांनी समजावलं, की आधी कितीतरी दिवस नुसतं बघत राहायचं. केव्हा उठतो, काय खातो, कुठे निजतो. सगळं कळलं की मगच नमुना घ्यायचा. दुर्बिणी आणि पक्ष्यांच्या पायात घालायची नंबरांची कडी पुष्कळ नंतरची.
मी म्हटलं, बरं झालं बाई, गेला तो काळ. ते म्हणाले, आमचं मंडळ जुन्या वळणाचं आहे हो. आणि हसले. मीही हसले.

८ नोव्हेंबर
आज ‘हाकारी’ हा नवा शब्द कळला. रानातला थवा खाली उतरवायचा असेल, तर त्याच जातीचा एक पक्षी मोकळ्या जागी बांधून ठेवत. तो भिऊन पंख आपटतो, ओरडतो. वरून जाणाऱ्यांना वाटतं, बोलावतोय. मैनेने हे वाचून दाखवलं आणि बराच वेळ पान उलटलं नाही.

संध्याकाळी माझ्या धाकट्या बहिणीला पत्र लिहिलं. तिचे यजमान गेल्यापासून ती एकटी भिंतींशी बोलते. लिहिलं, ऊठ आणि ये, हवा छान आहे, मैना आहे, तिघी मिळून पक्षी बघू. इथे फोन लागत नाही, म्हणून मैना लगेच पत्र टाकायला गेली. किती मायेची आहे.

१२ नोव्हेंबर
रविवार. मंडळाचे सभासद आले आणि हिरवळीपलीकडच्या लाकडी लपणात, पक्ष्यांना न दिसता बघायच्या आडोशात, तासन्‌तास उभे राहिले. मी चहा घेऊन गेले. सगळ्यांनी वह्या मिटल्या. लपणाला एकच फट आहे. ती पाण्याकडे नाही. तिच्यातून माझी खिडकी दिसते.
मैना म्हणाली, तू म्हणजे ना, बगळे! पाणी मागच्या फटीतून दिसतं. नंतर मी एकटी जाऊन बघून आले. मागे सलग फळ्या आहेत.

१४ नोव्हेंबर
मैनेच्या टेबलावर यंदाची वही सापडली. तिचंच गोल अक्षर. मदरनी दोघींकडून गिरवून घेतलेलं, माझंही हुबेहूब असंच आहे.
‘क्र. ४१. मादी, साठीच्या पुढची. सहाला खिडकी उघडते. डाव्या कुशीवर निजते. चहात साखर दोन चमचे. पटकन विश्वास टाकते.’
माझा हजेरीचा नंबर सतरा होता. आत्ता आठवला.

१५ नोव्हेंबर
कपाटाचा सर्वांत खालचा खण लांब आहे. उघडला.
पांढरी वेणी. नाकावर चष्म्याचा वळ अजून तसाच. डोळ्यांत कापूस. पायाला चिठ्ठी — क्र. ४०.
वहीची मागची पानं पाहिली. ३९ — नमुना घेतला. ४० — नमुना घेतला. दोघींच्या नावापुढे ‘३८ च्या हाकेवर आली.’ आणि ३८ म्हणजे मैना. तिच्यापुढे — ‘हाकारी म्हणून ठेवली.’
माझ्यापुढेही तेच लिहिलंय. शाई ताजी आहे.
खाली — ‘क्र. ४२. येत आहे.’
माझ्याच पत्रावर. माझ्या हाताने लिहिलेल्या —

१६ नोव्हेंबर
विचारलं. नाकारलं नाही तिने. म्हणाली, मीही कुणाच्या तरी पत्रावरच आले होते गं. बोलावलं की ठेवतात, नाही बोलावलं तर खण. म्हणाली, तुला मी शिकवलंसुद्धा नाही, तू आपणहून लिहिलंस. मग माझी वेणी घातली. शाळेत घालायची तशीच, घट्ट.
दाराला बाहेरून कुलूप. कडं निघत नाही. साबण लावला, कातडी सोलली — नाही.

१७ नोव्हेंबर
गाडी. फाटकाशी. धाकटीच — हिरवा कोट, हातात आईची जुनी पिशवी — मैना धावली. गळ्यात पडली —
खिडकीला खिळे मारलेत. काच फुटत नाही. ओरडले, जा, मागे फिर — दोन्ही हात काचेवर आपटले, कडं खणखणलं —
तिने वर पाहिलं. मला पाहिलं!
हसली. हात हलवतेय. भरभर चालायला लागली — अगं नको — तिला वाटतंय, मी तिला बोल