दोन दिवसांचा आठवडा

३० डिसेंबर १९६५, गुरुवार

दिवाळीपासून वहीला हात नाही लावला. रोज म्हणायचं, उद्या लिहू. उद्या कंदिलात तेल नसते, परवा पेन सापडत नाही — आणि खरं सांगायचं तर लिहिण्यासारखं मी काही केलंच नाही. लाज वाटली की वही गादीखाली सरकवायची, झालं!

बीबी गावात चार महिने झाले. जळगाव जामोद सोडल्यापासून कुठंच एवढा टिकलो नाही. कापसाच्या जिनात दीड महिना, सायकलच्या दुकानात वीस दिवस. मलेरिया खात्यातली ही टेंपरवारी नोकरी जमली, कारण फिरायची आहे. घरोघर जायचं, ताप आहे का विचारायचं. असला तर बोटाला सुई टोचून काचेवर रक्त घ्यायचं, गोळ्या समोर गिळवायच्या, आणि दारामागं चौकट छापली आहे तिच्यात तारीख टाकून सही करायची. नावानं कोणी हाक मारत नाही. तापवाला.

आज साहेब आले होते — आमचे इन्स्पेक्टर, भालचंद्र डोणगावकर, देऊळगाव राजाला असतात. नवीन सालचं टेबलावरचं कॅलेंडर दिलं. एका पानावर एक आठवडा, सोमवार ते रविवार. वर आठवड्याच्या आकड्याची जागा कोरी. "गेल्या सालचं समोर ठेव आणि त्याच हिशोबानं आकडे टाक. आपलं सगळं फिरणं त्या आकड्यावर आहे, निवृत्ती."

खरं आहे. विषम आकड्याचा आठवडा आला की बीबी आणि जवळची गावं. सम आकड्याचा आला की लांबची, त्यात मंगळवारी सावरडोह. म्हणजे दर गावाला पंधरा दिवसांनी फेरी.

बसलो लिहायला, तर बाहेर माकडवाला आला. पाहत राहिलो. अस्वलवाला असता तर रात्रच झाली असती.

३१ डिसेंबर, शुक्रवार

कॅलेंडरात घोळ! एक तारीख शनिवारी. पहिल्या पानावर नुसते शनिवार-रविवार, बाकी कोरं. गेल्या सालीही पहिलं पान असंच तुटकं होतं, तीन दिवसांचं. आधीच्या माणसानं त्यालाही १ दिला होता. तसं केलं तर या दोन दिवसांना १, आणि सोमवार ३ तारखेपासून २. तसं लिहूनही झालं. मग वाटलं — दोन दिवसांचा कुठं आठवडा असते बे? ब्लेडनं खरवडलं. ते दोन दिवस जुन्या सालच्या ५३मध्ये ढकलले, आणि सोमवारपासून १.

अन् मग ध्यानात आलं. ५३ विषम, १ पण विषम! जवळची गावं तर याच आठवड्यात करून बसलो. म्हणजे पुढचा आठवडा मोकळा, आणि सावरडोहची आठ मैलांची तंगडतोड थेट ११ तारखेला.

पुन्हा खरवडायला ब्लेड उचललं होतं. ठेवून दिलं.

५ जानेवारी १९६६, बुधवार

साहेबांनी परवा कॅलेंडरची पानं नुसती उलटली. म्हणाले, "अक्षर बरं आहे."

काल सुलतानपूरला तंबूचा सिनेमा लागला. दोर ताणायला हात लावला म्हणून फुकट बसवलं, तेही पुढं! तंबूवाला म्हणतो, "चालतं का बे आमच्यासंगं? इथून जालन्याले जाऊन राह्यलो." मन अर्धं गेलंच होतं. मधेच आठवलं, आज मंगळवार, सावरडोहवाले वाट पाहत असतील. तेवढ्यात दिवे गेले आणि पडदा उजळला.

११ जानेवारी, मंगळवार

पंतप्रधान वारले, ताश्कंदला. जो तो रेडिओपाशी.

मी आज जे केलं ते लिहवत नाही.

१३ जानेवारी, गुरुवार

लिहितोच.

सावरडोहात पोचलो तर गल्लीत चिटपाखरू नाही. सगळे पंचायतीच्या रेडिओपाशी. झुंबरबाईच्या घरात तिची सून रुख्मिणी गोधडीत पडलेली. पाचवा महिना चालू. नऊ दिवसांचा ताप, थंडी वाजून येणारा. झुंबरबाई मला पाहून उठलीच —

"आला का बापा! मांगच्या मंगळवारी किती वाट पाह्यली तुही. माहा शेषराव म्हने गाडी जुपतो, दवाखान्यात नेतो. मीच म्हनलं, काऊन पोटुशीले गाडीत हादळतं? तापवाला येतेच मंगळवारी. तो घरी गोळ्या देते. तो कधी चुकत नाही."

तो कधी चुकत नाही!

रक्त घेतलं. गोळ्या गिळवल्या. झुंबरबाई चहा ठेवायला चुलीकडे गेली, आणि मी दारामागं पाहिलं. २१ डिसेंबर, त्याच्याखाली कोरं. साहेब तपासायला आले की आधी तारीख पाहतात, मग माणूस.

मी तिथं ४ जानेवारी लिहिलं. सही केली. त्याच्याखाली ११ जानेवारी.

मग तिचा चहा प्यायलो. गूळ जास्त घातला होता. पाहुण्याला घालतात तसा.

काल दिवसभर बसून कॅलेंडर पुन्हा खरवडलं. १ चा २ केला, २ चा ३, असं शेवटपर्यंत. पहिल्या पानाला १ — जो आधी लिहिला होता तोच. आता सगळं साहेबांनी सांगितल्यासारखं आहे. दोन-चार पानं इतकी पातळ झाली की पलीकडचं दिसतं.

१८ जानेवारी, मंगळवार

दुरुस्त आकड्यांप्रमाणे आज सावरडोहची पाळी होती. घराला कुलूप. शेजारची विमलबाई म्हणाली, शुक्रवारी ताप पुन्हा चढला, गाडीत घालून देऊळगावच्या दवाखान्यात नेली. रुख्मिणी वाचली. पोटातलं गेलं.

कुलूप लावलेल्या दारासमोर उभा होतो. आत, दारामागं, माझी सही.

२० जानेवारी, गुरुवार

काचेचा निकाल आला. मलेरियाच. साहेब शनिवारी चौकशीला सावरडोहला येणार.

आधी सांगून टाकावं. चिठ्ठी लिहिली, फाडली. दुसरी लिहिली, तीत सगळा दोष कॅलेंडरच्या तुटक्या पानाला दिला होता. तीही फाडली.

२२ जानेवारी, शनिवार

देवा, हे लिहिल्याशिवाय झोप नाही येणार. लिहूनही येणार नाही.

साहेबांबरोबर गेलो. झुंबरबाई आणि तिचा मुलगा शेषराव घरी होते. दारात अर्धी गल्ली जमली. साहेबांनी विचारलं, ताप कधीपासून? झुंबरबाई म्हणाली, दोन तारखेपासून, अन् चार तारखेले तुमचा मानूस आला नाही. साहेबांनी दार ओढून घेतलं, चौकट दाखवली.

"बाई, हे काय लिहिलंय? चार जानेवारी. माणूस दारात येतो आणि तुम्ही ताप लपवता? वर त्यालाच खोटं पाडता?"

"नाही साहेब. खंडोबाची आन. नाही आला."

साहेब माझ्याकडे वळले. "निवृत्ती, गेला होतास ना चारला?"

मी म्हणालो, "हो साहेब."

दोन शब्द. किती सरळ निघाले तोंडातून!

वाटलं, म्हातारी आता अंगावर येईल, शिव्या देईल. द्यायला पाहिजे होत्या! ती माझ्याकडे पाहत राहिली, मग दाराकडे, मग पुन्हा माझ्याकडे. आणि हळूच म्हणाली, "लिवलेलं हाय तं आला असन बापा. माह्याच ध्यानात नाही राह्यलं. डोस्कं चालत नाही आता."

शेषराव आईकडं पाठ करून उभा राहिला.

मागून विमलबाईचा आवाज — "ध्यानात कसं नाही राहत माय? घरात सून तापानं फणफणून राह्यली अन् गोळीवाला दारात येते!"

परतताना साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अकरा तारखेला पाळी नसताना गेलास. अशी माणसं पाहिजेत खात्याला. तुझं नाव वर पाठवतो, कायम करण्यासाठी."

हात झटकून टाकावा वाटला. झटकला नाही.

२६ जानेवारी, बुधवार

शाळेत झेंडा. मी कुडाच्या मागून पाहिला.

बाजारात सावरडोहचा कोतवाल शालिग्राम भेटला. विचारू नये ते विचारलं. म्हणाला, "काय सांगू गड्या. शेषरावनं बायकोले माहेरी पोचवलं. म्हनते, आईच्या हाती पुन्हा नाही देत. गल्लीतल्या बाया झुंबरबाईच्या घरी हळदीकुंकवालेही गेल्या नाहीत. म्हातारी दार लावून बसते. कोनी विचारलं तं एकच — आला असन, मीच इसरली."

मी भज्यांचा पुडा तसाच टाकून आलो.

तिला काय वाटत असेल? दोन तारखेपासून मोजत बसली होती ती. मंगळवार, आज येईल. संध्याकाळ झाली, उद्या येईल. सगळं तिला पक्कं माहीत आहे. आणि ते माहीत असलेलंच मी तिच्या डोक्यातून पुसून टाकलं.

२८ जानेवारी, शुक्रवार

ठरलं. उद्या अकराच्या गाडीनं जालना. तंबूवाला तिथं असेल. नसला तर दुसरं काही. आतापर्यंत असंच तर केलं. नको झालं की पिशवी उचलायची. जिनातून, सायकलच्या दुकानातून, घरातून. कोणी मागं आलं नाही, कोणी यावं असं मी काही मागं ठेवतच नव्हतो.

जालन्याहून साहेबांना पत्र टाकीन. त्यात सगळं खरं लिहीन.

नाही टाकणार. वहीत तरी कशाला खोटं लिहू?

२९ जानेवारी, शनिवार

पिशवी भरून स्टँडजवळच्या हॉटेलाच्या ओट्यावर बसलो होतो. देऊळगावची गाडी आली, साहेब उतरले, आत चहा घ्यायला गेले. गाडी निघताना पाहिलं, तर त्यांच्यामागून आणखी कोणी उतरलं होतं. रुख्मिणी. एकटी. माहेरी कोणाला न सांगता आली आहे. इतकी सुकली की आधी ओळखलीच नाही. म्हणते —

"दादा, तिकडं सावरडोहात आत्याबाई जेवत नाही. मी चौथी शिकली हाय, दारावरचं मले वाचता येते. चार तारखेले थंडी वाजे म्हनून मी दिवसभर दारातच उन्हात बसून होती. तुमी आले तं मले ओलांडून गेले का? साहेबाले भेटाचं हाय मले."

ती रांजणाचं पाणी पिते आहे, तेवढ्यात हे लिहिलं. अकराची गाडी फाट्यावर हॉर्न देते आहे. रुख्मिणीला म्हटलं, चल आत — तुम्हा दोघांनाही मीच सांगतो.