शिळं पाणी

प्रिय बबिता,

फोन हाताशी असताना वर्षा कागद का खरडत बसली, असं तुला वाटेल. तीनदा फोन लावला आणि तू उचलायच्या आत बंद केला, म्हणून हे पत्र. काकूंचा, तुझ्या आईचा, नळ तोडल्याला आज अकरा दिवस झाले. ते तुला कळलंय, आणि पाणी वाया घालवणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव मी घातलं हेही कळलंय. काकूंची तब्येत बरी आहे. चौकातल्या हापशावरून पाणी आणतात. मी हात लावायला गेले की घागर या कमरेवरची त्या कमरेवर घेतात, मला देत नाहीत.

माझं काम तुला ठाऊक आहेच. शहरांनी पाणी जपून वापरावं असं सरकारचं धोरण आलं आणि नगरपालिकेनं आम्हा सहा बायकांना कंत्राटावर घेतलं. नळाला तोटी आहे का, लाइनीवर मोटार लावली आहे का आणि कोण शिळं पाणी ओतून देतंय, हे बघत फिरायचं. नळ येतो आठ दिवसांनी. तोवर जिवापाड झाकून ठेवलेलं पाणी, नवं आलं की घटकेत शिळं होतं आणि गटारीला लागतं. मी दारोदार सांगते, शिळी भाकर आपण चवीनं खातो, मग पाण्यानंच काय घोडं मारलंय? हे ऐकून सगळ्यांत जास्त काकू हसल्या होत्या. ‘लई शानी झाली जगदेवीची पोर,’ म्हणाल्या. त्यांच्या घरी तर उरलेल्या पाण्यानं भांडी निघतात आणि ते भांड्याचं पाणी कढीपत्त्याला जातं.

परवा तुमच्या दारासमोरून जाताना आपल्या होड्या आठवल्या. मी आमच्या मोरीतून सोडायची आणि तू तुमच्या पायरीशी पकडायचीस. एकदा तुझी वही फाडून केल्या म्हणून काकूंनी दोघींना धपाटे घातले होते. हे मधेच का लिहितेय कोण जाणे, हात थांबत नाहीये.

त्या दिवशी बीडहून साहेब तपासणीला आले. नुसतं समजावता, एक तरी कारवाई दाखवा, म्हणून सकाळपासून मागे लागले होते. फिरत फिरत आपल्याच गल्लीत आलो, तर काकूंच्या पायरीला पाणी टेकलेलं. स्वतःची गल्ली सांभाळते म्हणतील, या भीतीनं साहेबांनी विचारायच्या आधीच मी नाव लिहिलं. महिनाभर नळ बंद. काकू खराटा घेऊन उभ्या होत्या. एकदा आमच्या दाराकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘लिही बाई, तुझं काम हाय.’

घरी आले तर आई माठ पालथा घालून निवांत बसली होती. ओट्यावर हंडे, कळशा, सगळं ताजं भरलेलं. लिंगपूजेला शिळं पाणी चालत न्हाई, हे तिचं लहानपणापासून ऐकतेय. जगाला शिकवत फिरले, आईला एकदाही बोलले नाही. तेव्हाच सगळं समजलं, तरी अकरा दिवस मी मूग गिळून बसले. नोकरी जाईल, याची भीती वाटत होती.

काल भिंतीपलीकडून तुझा आवाज ऐकला. काकूंना कमी ऐकू येतं, त्या फोन मोठ्यानं लावतात. तुझ्यापायी गल्लीत मान खाली गेली, म्हणून तू त्यांना रागावलीस आणि त्या ‘चुकलं बाई’ एवढंच म्हणाल्या. बबिता, त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्या होड्या जिथून यायच्या, तिथूनच ते पाणी आलं होतं. आज सकाळी मी लेखी दिलं, केसरबाईंचं नाव काढा, जगदेवीचं घाला. उद्या तुमचा नळ जोडतील, आमचा तोडतील. माझं ओळखपत्र जमा करून घेतलंय. आईला अजून सांगायचंय. हे पत्र मिळालं की फोन कर. मला नको, आधी काकूंना कर.

तुझीच, अजून म्हणवत असेल तर,
वर्षाराणी