त्रेसष्टावा प्लॉट

सॉल्टर्स बीच,
९ नोव्हेंबर

प्रिय बाबा,

पाकिटावरचं गाव बघून तुम्ही ते न फोडताच बाजूला ठेवाल अशी मला धास्ती आहे, म्हणून आधीच सांगतो: हे गावाच्या कार्यालयाचं पत्र नाही. माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहितो आहे, आणि तिकीटही मीच लावलं आहे. कार्यालयाची तीन पत्रं तुम्हाला कॅन्ससला पोचली, हे मला पोचपावत्यांवरून कळलं. त्या पावत्या फाइलला मीच लावल्या. तिन्हींवर तुमची सही होती. नऊ वर्षांत तुमच्या हातचं मला एवढंच बघायला मिळालं, त्यामुळे फाइल बंद करायला जरा वेळ लागला.

मार्चपासून मी गावाच्या कार्यालयात आहे. अकरावी अर्धवट सोडलेल्याला टेबलाचं काम मिळेल असं मला वाटलं नव्हतं. पण आमचे मॅनेजर ब्रँटलीसाहेब म्हणाले, "शिकलेले माझ्याकडे पुष्कळ आहेत. मला लोक ज्याला दार उघडतील असा माणूस हवाय." काम असं: जानेवारीत एक जहाज येईल, समुद्राच्या तळाची वाळू नळीतून किनाऱ्यावर ओतेल आणि आपल्या रस्त्यावरच्या त्रेसष्ट प्लॉटांपुढे पुन्हा रुंद किनारा आणि वाळूची टेकाडं उभी राहतील. पण टेकाड येणार लोकांच्या खासगी जमिनीवर. म्हणून प्रत्येक मालकानं गावाला वापरहक्काचा कागद द्यायचा. जमीन मालकाचीच राहते; गावाला फक्त तिथे वाळू टाकायची, गवत लावायचं आणि पुढे डागडुजी करायची मुभा मिळते. ज्याचा कागद नाही त्याच्या प्लॉटपुढे नळी बंद होते. तेवढंच नाही, खिंडार एकदम पडू नये म्हणून दोन्ही शेजाऱ्यांच्या वाळूलाही उतार द्यावा लागतो, म्हणजे त्यांनाही अर्धीच वाळू. बासष्ट कागद झाले आहेत. त्रेसष्टावा प्लॉट तुमचा. दोन डिसेंबरला सगळे कागद नोंदणीला जायचे आहेत. हे तुम्हाला तीनदा लिहून आलंच आहे, पण ती भाषा माझी नव्हती.

पहिल्या महिन्यात मला फक्त चार सह्या मिळाल्या. इस्त्रीचा शर्ट घालून मी रस्त्याच्या बाजूचं दार वाजवायचो आणि लोक जाळीच्या आडूनच "नको" म्हणायचे. माझं काय चुकतंय हे मला कळेना. मग आमच्याकडे नोटरीचं काम करणाऱ्या मिस डार्लीन म्हणाल्या, "अरे वेड्या, रस्त्याच्या दारानं कोण येतं? पोलीस, वसुलीवाला आणि पाद्री. तू इथला आहेस ना? मग किनाऱ्याकडून जा, पायात वाळू घेऊन." त्या दिवसापासून मी मागच्या लाकडी जिन्यानं जाऊ लागलो. सगळ्यात वरच्या पायरीवर बूट झाडायचे आणि हाक मारायची. कोणी सहीचं नाव काढायच्या आधी काहीतरी खायला लागतंच. एप्रिलपासून मी अंजिराचा केक एवढा खाल्ला आहे की वास आला तरी पोट भरतं.

प्रत्येकाचं "नको" वेगळं असतं हे मला माहीतच नव्हतं. कागदावर ते सगळे सारखेच दिसतात. लप्टनकाकांना वाटत होतं की टेकाडामुळे त्यांच्या खुर्चीतून समुद्र दिसायचा बंद होईल. मग मी गळाच्या लांब काठीला चौदा फुटांवर रुमाल बांधला आणि टेकाड येणार तिथे ती धरून उभा राहिलो. काका आतून ओरडले, "दिसत नाही!" काकू त्यांच्यापेक्षा मोठ्यानं ओरडल्या, "आडवे पडून बघताय म्हणून दिसत नाही! पाठ सरळ करा की जरा, चाळीस वर्षांत एकदा तरी!" काकांनी पाठ सरळ केली आणि सही केली. त्यांच्या पुढच्या घरात दोन बहिणी राहतात. घर दोघींच्या नावावर, आणि सहा वर्षं दोघींमध्ये बोलणं नाही. दोघीही म्हणायच्या, "तिची सही आधी आण." मी एकाच कागदाच्या दोन प्रती नेल्या आणि एकीला वरच्या मजल्यावर, दुसरीला खालच्या मजल्यावर एकाच वेळी सही करायला लावली. मिस डार्लीन जिन्याच्या मध्यावर शिक्का घेऊन उभ्या होत्या आणि "आता!" म्हणून त्यांनीच आवाज दिला. कुणाला तिथे सार्वजनिक संडास येईल अशी भीती, कुणाला दारात परक्या लोकांच्या छत्र्या नकोत, तर एकाला त्याच्या मेलेल्या कुत्र्याला जिथे पुरलंय तिथली वाळू हलवायला नको होती. सगळ्यांची कारणं मला पाठ आहेत. कारण कळलं की वाट सापडते.

फक्त तुमचं कारण मला माहीत नाही. ते नसल्यामुळे बाकीही बरंच कळत नाही. अर्धा प्लॉट भरतीला पाण्याखाली असतो. घराचे चार खांब तेवढे उरले आहेत आणि त्यावर पाणकावळे बसतात. तरी तुम्ही त्याचा कर भरता, प्लॉट विकत नाही, आणि उत्तरही देत नाही. मी सोळा वर्षांचा होतो तेव्हा, समुद्र दारापर्यंत आला म्हणून, घरं उचलून मागे सरकवणारी माणसं जॅक आणि तुळया घेऊन आली होती. आपल्या रांगेतली तीन घरं त्यांनी रस्त्यापलीकडे नेली. तुम्ही त्यांना जिन्यावरूनच परत पाठवलंत. ऑक्टोबरच्या वादळात घर गेलं, आणि मला मावशीकडे सोडून तुम्ही गेलात. मी तेव्हा विचारलं नाही, कारण हट्टी माणसाला विचारून काय उपयोग, असं मावशी म्हणायची. गावही तेच म्हणायचं. मीही तेच धरून चाललो.

गेल्या गुरुवारी मिस डार्लीन शिक्का घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या. म्हणाल्या, "जमिनीच्या कागदावर काय नाव आहे? एल्वूड फुल्चर. तुझ्या गाडीच्या परवान्यावर काय आहे? एल्वूड फुल्चर. थोरला-धाकटा कुठे लिहिलंय त्यात? मग बसलायस काय असा तोंड पाडून?" मी म्हटलं, "ते बाबांचं नाव आहे." त्या म्हणाल्या, "मग तुझं काय उसनं आणलंय? कर सही. ओटिलीच्या घरात पाणी शिरण्यापेक्षा बरं." मिस ओटिली गॅस्किल आपल्या उत्तरेच्या शेजारी. एक्याऐंशी वर्षांच्या आहेत, आणि त्यांच्या पुढच्या खांबांपर्यंत आता भरती येते. तुमच्यापुढे नळी बंद झाली तर पहिला फटका त्यांना.

मी सही केली, बाबा. माझीच सही, माझ्याच नावाची, आणि तिच्यावर शिक्का बसला.

मग मला चैन पडेना. जुन्या कागदांत आपलं नाव नक्की कसं लिहिलंय, मधलं अक्षर आहे की नाही, हे तपासून घ्यावं म्हणून मी मागच्या खोलीतलं लोखंडी कपाट उघडलं. त्यात एक पिवळी फाइल होती, १९९६ ची. आत आपल्याच रांगेतल्या अकरा घरांची संमतीपत्रं. प्रत्येकाच्या तळाशी 'सही घेणार' असं छापलेलं आणि त्यापुढे एल्वूड फुल्चर. माझ्या जन्माच्या तीन वर्षं आधी माझं नाव तिथे अकरा वेळा लिहिलेलं होतं. मी खुर्ची ओढून बसलो. तुम्हीही हेच काम केलंत, हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती फाइल घेऊन मी मिस ओटिलींच्या जिन्यानं वर गेलो. त्या कोळंबी सोलत होत्या. कागद त्यांनी लांब धरून बघितला आणि म्हणाल्या, "ही माझ्या हॉरेसची सही. याच टेबलावर घेतली तुझ्या बापानं, दोन वाट्या सूप पिऊन." मी विचारलं, मग पुढे काय झालं? "काय व्हायचंय! आम्हाला वाटलं वाळू येणार. चार दिवस बुलडोझर चालले आणि आमच्या दारातली वाळू ओरबाडून मासेमारीच्या धक्क्यापुढे नेऊन ओतली. कागदात तसंच लिहिलं होतं म्हणे. तुझ्या बापानं ते आमच्याइतकंच वाचलं होतं, म्हणजे वाचलंच नव्हतं." मी म्हटलं, "म्हणून तुम्ही त्यांच्यावर रागावलात?" तर एकदम उसळल्या. "फसवलं म्हणून नाही रे! त्यालाही फसवलंच होतं, हे आंधळ्यालाही दिसत होतं. राग याचा की तो एकदाही जिना चढून आला नाही. वीस वर्षं खाली मान घालून आमच्या दारावरून गेला. हॉरेस रोज म्हणायचा, येईल आज. हॉरेस गेला, पण तो आला नाही."

मी विचारलं, हे सगळं माहीत असून या वेळी सही कशी केलीत? तर कोळंबीच्या हातानंच माझी कॉलर सरळ करत म्हणाल्या, "तू पायात वाळू घेऊन आलास म्हणून. आणि तू वाचलं असशील असं वाटलं म्हणून."

मी वाचलं होतं, बाबा, पण कसं वाचलं होतं ते घरी आल्यावर कळलं. मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि बोट ठेवून एकेक ओळ ताडून बघितली. १९९६ च्या कागदात लिहिलंय: 'गावास योग्य वाटेल त्याप्रमाणे वाळू हलवण्याची मुभा.' आणि आताच्या कागदात, तिसऱ्या पानावर, सातव्या कलमाच्या शेवटी: 'तसेच त्यानंतर वेळोवेळी, गावास आवश्यक वाटेल त्याप्रमाणे वाळूची फेररचना करण्याची मुभा.' बासष्ट घरांत मी टेकाडाची उंची समजावली, गवत समजावलं, संडास येणार नाही हे समजावलं. ही ओळ कोणी विचारली नाही आणि मी सांगितली नाही. सोमवारी ब्रँटलीसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "वकिलांची भाषा असते रे ती, सगळीकडे तेच लिहितात. तू नको डोकं शिणवूस." ते लबाड आहेत असं मला वाटत नाही. पण १९९६ चे साहेब तुम्हाला लबाड वाटले होते का? त्याच दुपारी मी माझ्या सहीचा कागद मिस डार्लीनसमोर फाडला. त्या म्हणाल्या, "थेट बापावर गेलास!" आणि दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांनी ते शिवी म्हणून म्हटलं. मला मात्र ते नक्की कशाबद्दल म्हटलं हे जाणून घ्यावंसं वाटलं.

तुम्ही घर का सरकवू दिलं नाहीत, याबद्दल आता मला एक अंदाज आहे. सगळ्यांच्या दारची वाळू तुमच्या शब्दावर गेली, मग तुमचंच घर तेवढं कसं वाचवायचं, असं काही असेल. पण अंदाज लिहून तुम्हाला कोपऱ्यात गाठायचं नाही. तो चूकही असेल. तुम्ही सांगाल तेच मी खरं धरीन.

सोबत आताच्या कागदाची चारही पानं पाठवतो आहे. शेवटच्या पानाचा खालचा भाग मी कात्रीनं कापून घेतला आहे. सहीची जागाच ठेवलेली नाही, म्हणजे मी सहीसाठी लिहितो आहे असं तुम्हाला वाटणार नाही. असला कागद घेऊन आपल्या रांगेत दारोदार फिरलेला माणूस मला दुसरा माहीत नाही, म्हणून तुम्हाला विचारतो. सावकाश वाचा, सातवं कलम दोनदा वाचा, आणि मग सांगा: आज तुम्ही माझ्या जागी असता तर हा कागद घेऊन मिस ओटिलींचा जिना चढला असता का? हो म्हणालात तर कापलेला भाग पाठवतो, मग सही करायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. नाही म्हणालात तर दोन डिसेंबरच्या आत बासष्ट जिने मी पुन्हा चढेन आणि ती ओळ प्रत्येकाला मोठ्यानं वाचून दाखवेन. मग ज्यांना सही परत हवी असेल त्यांना ती देईन, नोकरी राहो न राहो. त्यातल्या पहिल्याच जिन्यावर मला तुमच्याबद्दल विचारतील. बाबांनी वाचून सांगितलं, एवढं मला तिथे म्हणता आलं पाहिजे.

उत्तराची वाट बघणारा, तुमचाच,
एल्वूड, धाकटा