महिपत नावाचं पोतं

प्रिय मयूरी,

मोबाइलवर हाताने लिहिलेल्या कागदाचा फोटो पाहून तू आधी हसशील. हसून घे. त्या बारीक पाटीवर बोटं मारणं मला जमत नाही, आणि फोनवर बोलावं तर तुझे बाबा शेजारच्या बाजेवर असतात. लकव्याने अर्धं अंग गेलं तरी कान शाबूत आहेत त्यांचे. अंगणात जाऊन बोलले तर आणखीच संशय घेतात. म्हणून हे लिहिणं.

आधी तुझं कौतुक करते. संक्रांतीनंतर माझी कंबर धरली, तेव्हा तू बेंगळुरूहून डोळे वटारलेस, की आई, तू बाबांना चुकीचं उचलतेस. मला असा राग आला! जन्मभर मी कापसाची गाठोडी डोक्यावरून वाहिली, आणि ही कालची पोर मला उचलायला शिकवणार. पण खरं तुझंच होतं. गाठोडं मी वाहायची, ते जमिनीवरून उचलून माझ्या डोक्यावर चढवून द्यायचे तुझे बाबा. दर वेळी विचारायचे, "जड होऊन राह्यलं त सांग वं, थोडा काढतो." मी कधीच सांगितलं नाही.

मग आपली शाळा सुरू झाली. फोन पाण्याच्या पिंपाला टेकवायचा आणि हात न लावता खुर्चीवरून उठायचं, बसायचं. पुढे तुझ्या जुन्या दप्तरात पाण्याच्या बाटल्या आल्या, मग तेलाचे डबे, मग युरियाच्या पोत्यात थोडी थोडी वाळू. कंबरेत वाकू नको, मांड्यांनी ऊठ, ओझं छातीशी धर, उठताना श्वास सोड. शेजारची रुक्माबाई कुंपणावरून बघून म्हणायची, "काऊन वं सुवर्णा, कुस्ती खेळाले चालली का?" तिला काय सांगणार? तिचाच पोरगा फकिरा रोज बाबांना आंघोळीला उचलून न्यायचा. भला माणूस, कधी नाही म्हणाला नाही. पण त्याने हात घातला की बाबा डोळे गच्च मिटून घ्यायचे. त्या मिटलेल्या डोळ्यांसाठी मी हा सगळा उपद्व्याप मांडला होता. त्यांना त्यांच्या बायकोने उचलावं आणि ओट्यावर बसवावं, जिथून बेला गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरची ये-जा दिसते, एवढंच मला हवं होतं.

घाई करू नको, असं तू बजावलं होतंस. मी ऐकलं, एक गोष्ट सोडून. आदिलाबादच्या दवाखान्यात बाबांचं जेवढं वजन भरलं होतं, तेवढी वाळू मी कापसाच्या काट्यावर तोलून एका पोत्यात भरली आणि फकिराकडून ते पोतं कोपऱ्यात उभं करून घेतलं. हे ज्या दिवशी उचलेन, त्या दिवशी त्यांनाही उचलेन. उभ्या संसारात मी नवऱ्याचं नाव घेतलं नाही, पण त्या पोत्याला खुशाल महिपत म्हणायला लागले. "चला महिपतराव, उठा आता," म्हटलं की बाबा अर्ध्या तोंडाने हसायचे. ते हसू बघायला मी रोज तसं म्हणायची. पोतं काही हलायचं नाही.

गेल्या महिन्यात मी धीर केला आणि पोत्याआधी त्यांनाच उचललं. त्याचा व्हिडिओ तुला पाठवला, तो तू ऑफिसभर दाखवलास, फोनवर आनंदाने रडलीस. मीही भाव खाऊन घेतला, तुला दंड फुगवून दाखवले. ओट्यावर बसल्यावर बाबांनी चांगला हात उचलून मला रस्ता दाखवला, जणू मी तो कधी पाहिलाच नव्हता. तुझ्या जन्मानंतर इतकी खूश मी कधी झाले नव्हते गं.

त्यानंतर ते दिवसेंदिवस सोपं होत गेलं. मला वाटलं, अंगात ताकद येते आहे. परवा त्यांना आत आणून बाजेवर ठेवलं, दमसुद्धा लागला नाही, आणि त्याच गुर्मीत मी कोपऱ्यातल्या पोत्याला हात घातला. तू शिकवलंस तसं, छातीशी धरून, मांड्यांवर जोर देऊन. पोतं जागचं हललं नाही. पुन्हा जोर लावला, तरी नाही. तेव्हा मला कळलं, ताकद माझी वाढली नव्हती.

मग पोत्याचं तोंड सोडून वाळू काढायला लागले. थोडी काढायची, उचलून बघायची. ते माझ्या हातांना जसे लागतात तसं पोतं लागेपर्यंत काढत राहिले. बाजूला ढीग झाला, मयूरी. तेवढे तुझे बाबा गेले आहेत, आणि रोज कवेत घेऊनही मला समजलं नाही. ते बाजेवरून बघत होते. एकेक शब्द जुळवत म्हणाले, "जड... होऊन राह्यलं... त सांग वं." आयुष्यात पहिल्यांदा मी हो म्हणाले, आणि त्यांच्या पायाशी बसून पोटभर रडले.

काल डॉक्टरांना दाखवलं. घास आता गिळवत नाही, पातळ पेज तेवढी जाते. डॉक्टर म्हणाले, लेकीला बोलावून घ्या. तो व्हिडिओ पुन्हा बघ. या वेळी माझ्याकडे बघू नकोस, बाबांच्या मनगटाकडे बघ. आई उचलते आहे म्हणून तू तिकडे निर्धास्त आहेस, सुट्टी दिवाळीला काढणार म्हणतेस. दिवाळी राहू दे, पोळ्याचीही वाट बघू नकोस. वाचशील तशी नीघ. बाबांना मी शेवटपर्यंत उचलेन, त्याची काळजी करू नकोस. पुढचं ओझंही नेईन. पण ते डोक्यावर चढवताना समोर कुणीतरी लागतं गं, आणि आजवर तिथे तेच उभे होते. ये.

तुझीच,
आई