ताकावरून राहिलेलं भांडण

ती. दादास,

गणेशगुडीहून शेवंताचा नमस्कार. मी बरी आहे. वहिनीचा गुडघा कसा आहे?

लॉजच्या स्वयंपाकघरात काम, आणि तिथे लोक दारू पितात, म्हणून तू काळजी करतोस. पितात, पण दंगा कोणी करत नाही. काल एक अमेरिकेचा नवरा आणि त्याची कॅनडाची बायको, दोघं म्हातारी, गोव्याची बियर पीत आपापल्या देशातल्या बियरवरून भांडत होती. राफ्टिंगवाला शिवानंद मला मराठीत सांगत होता.

ती म्हणाली, "तुमची बियर म्हणजे नुसतं पाणी."

तो म्हणाला, "आणि तुमची म्हणजे बाटली विसळलेलं पाणी."

मला हसू आवरलं नाही. का हसलीस, म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं, आमच्या घरी असंच चालायचं. मी खानापूरची, मला ताक लागतं. हे जोयड्याचे, कोकमाच्या कढीचे. "तुमच्या ताकात ताक शोधावं लागतं," असं रोज म्हणायचे आणि वाटी रिकामी करायचे.

"मग जिंकलं कोण?" बाईने विचारलं.

"मिटायच्या आधीच हे गेले," मी म्हणाले.

बाईने नवऱ्याचा ग्लास भरून दिला.

दादा, कायमची ये म्हणालास. जत्रेला येईन, चार दिवस राहीन. पण तुझ्याकडे सगळेच माझ्या ताकाला चांगलं म्हणतात. इथे घरी सासूबाई अजून वाटी पुढे सरकवून विचारतात, "शेवंता, ह्यात ताक कुठं हाय गे?"

मुलांना आशीर्वाद.

तुझी,
शेवंता