कुपाटीपलीकडचा आवाज

३ डिसेंबर १९१२, उमापूर

आज पुन्हा ऐकलं. काल वाटलं, माझ्याच कानांचा दोष.

दिवेलागणीला आम्ही तिघं चटईवर बसलो होतो — हे, मी आणि शांती. प्रभूची प्रार्थना चालली होती. क्षमेच्या ओळीशी हे नेहमीसारखे थांबले. सासरे गेल्यापासून ती ओळ ते म्हणत नाहीत. गप्प राहतात आणि पुढची ओळ धरतात. मीही त्यांच्यासोबत थांबते. मिशनच्या शाळेचे मास्तर, रविवारी दहा माणसांपुढं पुस्तक वाचणारे, आणि घरात एवढी एकच ओळ त्यांच्या घशातून बाहेर पडत नाही.

त्या गप्प जागेत, बाहेरून, काट्यांच्या कुपाटीमागून कुणीतरी ती म्हणालं.

"आमी सोडतो, तू बी सोड."

पुस्तकात शब्द असे नाहीत. पण अर्थ तोच. आवाज पुरुषाचा, घोगरा, थकलेला.

यांनी डोळे उघडले नाहीत. पुढची ओळ म्हणाले.

४ डिसेंबर

आजही.

६ डिसेंबर

आज ऐकताच हे उठून बाहेर धावले. मागून मी कंदील घेऊन. अजून पुरता अंधार नव्हता, शेळी दिसत होती, कुपाटी दिसत होती. माणूस नाही. सांजेला शेणसडा टाकून सारवलेली जागा ओली होती अजून. तिच्यावर कोंबडीची नखं उमटलेली, माणसाचा पाय नाही.

कुत्रा मात्र कुपाटीच्या एका जागेकडं बघत शेपटी हलवत होता. ओळखीच्या माणसाला हलवतो तशी.

७ डिसेंबर

शेजारच्या बायनाबाई विहिरीवर भेटल्या. त्यांच्याही कानावर गेलंय म्हणे. म्हणाल्या, "तुझा सासरा हाय त्यो. लेकाचा हात लागला न्हाई मातीला, जीव घुटमळतोय. भाकरीवर दही ठिव अन् येशीबाहेर टाकून ये."

मी म्हटलं, आमच्यात तसं नाही करत.

"तुमच्यात न्हाई, पर त्याच्यात हाय की," त्या म्हणाल्या.

मी घागर उचलून निघाले.

९ डिसेंबर

शांती ताटावरून म्हणाली, "बाबा, बाहेर आबा बोलतात ना?"

यांच्या हातातला घास तसाच राहिला. सासऱ्यांना शांतीनं लांबूनच पाहिलं होतं. पण ते मेंढरांना हाक मारत रस्त्यानं जायचे, तो आवाज तिला ठाऊक होता. मलाही होता. आम्ही दोघं एकमेकांना हे सांगत नव्हतो, पोरीनं सांगून टाकलं.

इथं लिहून ठेवते, कारण घरात हा विषय निघत नाही. यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा थोरल्या भावानं, माझ्या भायांनी, धुळाजींनी, यांना घरातून काढलं. म्हातारे सासरे भायांकडंच राहिले. गाव एक, पण आम्ही या टोकाला, ते त्या टोकाला. गेल्या वैशाखात हे शाळेत पोरांना पाढे सांगत होते. समोरून तिरडी चालली. कुणाची म्हणून यांनी विचारलं, तेव्हा एका पोरानं सांगितलं — मास्तर, तुमच्या बापाची.

हे अनवाणी धावले. भायांनी वाटेत काठी आडवी धरली. "हितंच थांब. तू आमचा कुणी न्हाईस." तोंडसुद्धा बघू दिलं नाही.

त्या दिवसापासून ती ओळ सुटली.

११ डिसेंबर

आज यांनी प्रार्थनाच घेतली नाही. डोकं दुखतं म्हणाले. लवकर जेवायला बसले.

दिवा लावला. वेळ झाली. आम्ही जेवत होतो, आणि आवाज आला. नुसती तेवढी ओळ. मागं काही नाही, पुढं काही नाही. कुणी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यावं तशी.

हे ताटावरून उठले. भाकरी कुत्र्यानं खाल्ली.

१५ डिसेंबर, रविवार

आज मी बोलले. उपासना आटोपून माणसं गेल्यावर.

म्हटलं, "भायांकडं जाऊन या."

"कावून? त्यानं यायला पाहिजे."

"आवाज त्यांच्या दारात येत नाही. आपल्या दारात येतो."

हे बराच वेळ पुस्तकाचा पुठ्ठा चोळत बसले. मग वडिलांचा विषय काढून हळूच म्हणाले, "जानके, मला भ्याव वाटतं. आप्पा असतील तर काय मागतात? आन् आप्पा नसतील तर कोण हाय?"

मी म्हटलं, "कुणी का असेना, वाईट काही मागत नाही. तुम्ही रोज दुसऱ्यांना शिकवता तेच मागतंय."

हे रडले. लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं.

१७ डिसेंबर

आज आवाज फार बारीक होता. मधे खोकला आला. ओळ अर्धी राहिली, मग पुन्हा पहिल्यापासून म्हटली. मेलेलं माणूस खोकतं का?

हे म्हणाले, उद्या पहाटे निघतो. भाया आणि जाऊबाई दिवाळीपासून मेंढरं घेऊन गोदाकाठी उतरलेत, तिकडं.

१८ डिसेंबर

हे गेले. मी आणि शांतीनं प्रार्थना केली. त्या ओळीशी मी थांबून वाट पाहिली. काही नाही. न आल्याचीच जास्त भीती वाटली. शांतीला कुशीत घेऊन बसले.

२० डिसेंबर

आले! उसन्या बैलगाडीत भाया घोंगडीखाली, बाजूला जाऊबाई साखराबाई, आणि हे गाडी हाकत. मेंढरं जाऊबाईंच्या भावाच्या हवाली केलीत.

यांनी सांगितलं ते असं. परवा सांजेला पोचले तर भाया मेंढरांच्या वाडग्याच्या तोंडाशी पडलेले, ताप भडकलेला. यांना बघून म्हणाले, "आलास?" जणू बोलावणं धाडलं होतं. यांनी काही विचारलं नाही, भायांचं डोकं मांडीवर घेतलं. तिथंच, मेंढरांच्या वासात, यांच्या तोंडून ती ओळ निघाली. सबंध.

आज आमच्या बाजेवर पडून भाया माझ्यासमोर यांच्याशी बोलले. "तिरडीपाशी जातीचे पंच उभे व्हते बे. तुला येऊ दिलं असतं तर म्हाताऱ्याला कुणी खांदा दिला नसता. म्या काठी धरली. ती काठी अजून हातातून सुटंना."

हे म्हणाले, "आप्पा माझी आठवण काढायचे का?"

"रोज. बंकट सांजचं काय म्हंतो, इचारायचा. मग म्या तुझ्या कुपाटीआड यिऊन ऐकायचो. समदं ध्यानात न्हाई ऱ्हायलं. तेवढंच ऱ्हायलं. घरी जाऊन त्याला सांगितलं. त्यानं ते धरलं, मरस्तोवर म्हणत व्हता."

हे उठून बाहेर गेले. कुपाटीजवळ किती तरी वेळ उभे होते.

म्हणजे आप्पाच. बायनाबाईंचं खरं.

२२ डिसेंबर, रविवार

दिवेलागणीला भाया बाजेवर टेकून बसले, जाऊबाई उंबऱ्याशी. ओळ आली. हे थांबले नाहीत. बाहेर काही नाही. शेळी रवंथ करत होती, तेवढंच.

प्रार्थना संपल्यावर जाऊबाईंनी विचारलं, "संपलं का? रोज एवढंच असतं?" आणि हसल्या.

२५ डिसेंबर

नाताळ. माझी पुरणपोळी फाटली. भायांनी दोन खाल्ल्या. पंच भायांना वाळीत टाकणार, असं गावात बोलतात. भाया म्हणाले, "टाकू दे. मला राहायला जागा हाय."

२७ डिसेंबर

आज जाऊबाई आणि मी जात्यावर बसलो होतो. मी म्हटलं, मामंजींना शेवटपर्यंत ती ओळ तोंडपाठ होती, हे ऐकून यांना फार बरं वाटलं.

जाऊबाईंनी खुंटा सोडला. "कुणाला तोंडपाठ? मामंजीची वाचा संक्रांतीलाच गेलती. आ की ऊ न्हाई निघालं त्यायच्या तोंडून."

मी विचारलं, मग कोण म्हणायचं?

"हे तुझे भायाच म्हणायचे," त्या म्हणाल्या. "नदीवर बी. रोज दिवा लागायच्या वक्ताला, वाडग्याच्या तोंडाशी उभं ऱ्हाऊन, उमापूरकडं तोंड करून. तापात बी सोडलं न्हाई."

नदी इथून दिवसभराची वाट आहे. आणि आवाज भायांचाही मामंजींसारखाच घोगरा. बाहेर हे भायांच्या पायांना तेल चोळत होते.