दोघांना घेऊन स्टँडपर्यंत

३ मार्च, मंगळवार

आम्ही तिघं बाहेर पडलो नाही. तयार मात्र झालो होतो.

नऊला सुरुवात केली. धाकट्याला (पाच आठवडे) पाजलं, ढेकर काढली, कापडी झोळीत छातीशी बांधलं. थोरलीला (पावणेदोन वर्षं) बूट घातले. तिने काढले. परत घातले. तेवढ्यात धाकट्याने झोळी भिजवली. झोळी बदलली. दाराला कुलूप लावत होते तर थोरली म्हणाली, "शी." शी येणार आहे असं नव्हे — झाली होती. अकरा वाजता तिघंही परत गादीवर.

सात वर्षं शहराची बस चालवतेय मी. डेपोत मला 'घड्याळ' म्हणतात, कारण माझी फेरी कधी उशिरा सुटलेली नाही. साठ माणसं भरलेली गाडी मी अरुंद गल्लीतून मागे घेते. आज दोन माणसं दाराबाहेर काढता आली नाहीत, आणि त्यांतल्या एकाला तर चालताही येत नाही.

दुपारी नणंदेचा फोन. ताईंचं परत तेच — "थोरलीला माझ्याकडे पाठव. सहा महिने. तू कामावर जायला लागेपर्यंत. इथे तीन खोल्या आहेत, अंगण आहे, नि मी एकटीच आहे." त्यांचे मिस्टर जाऊन वर्ष झालं. मुलगा परदेशात.

मी म्हटलं, मी जमवते. "काय जमवतेस? महिन्याभरात उंबरा तरी ओलांडलास का?" म्हटलं, आता रोज नेणार आहे दोघांना बाहेर. "एकटी?" एकटी! मग त्या शांतपणे म्हणाल्या, "बरं. चौदा तारखेला, शनिवारी, मी साडेदहाच्या गाडीने येतेय. मला घ्यायला स्टँडवर ये. दोघांना घेऊन, एकटीने. आलीस तर पुन्हा विषय काढणार नाही. नाही आलीस तर रविवारी थोरली माझ्याबरोबर."

आणि मी "ठीक आहे" म्हटलं. आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायचा तर तो निदान हलका तरी निवडावा.

नवरा बेकरीतून दोनला आला. त्याला सांगितलं. म्हणाला, "ताई काही वाईट नाही म्हणत." आणि झोपला.

५ मार्च, गुरुवार

वेळापत्रक केलं. डेपोत असतं तसंच — पाजणे, बदलणे, बूट, जिना, सुटणे. फ्रिजवर लावलं. थोरलीने फाडलं.

तीन मजले, लिफ्ट नाही. बाबागाडी खाली जिन्याखाली ठेवलेली असते, तेवढं एक बरं. थोरलीला प्रत्येक पायरी स्वतः उतरायची असते. हात धरला की ती पायरी मोजत नाहीत. परत वर जाऊन पुन्हा उतरायची.

दुसऱ्या मजल्यावरच्या शिंपीणबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. "कुठे निघालात?" म्हटलं, खाली. "मग अजून पोचला नाहीत?" बाई तोंडात टाचण्या धरून बोलतात, तरी टोचायचं ते टोचतातच.

फाटकापर्यंत एकेचाळीस मिनिटं. फाटकाशी थोरलीला एक दगड आवडला. दगडासकट परत.

६ मार्च, शुक्रवार

कोपऱ्यापर्यंत गेलो! कोपऱ्यावर काहीच नाही. तरी गेलो.

९ मार्च, सोमवार

आज बसच्या थांब्यापर्यंत. आमच्या भागातल्या बस इथूनच सुटतात, त्यामुळे सगळे ड्रायव्हर ओळखीचे. गाडीवर आज पैलवान होता. पंचेचाळीस किलोचा आहे, म्हणून पैलवान.

बाबागाडी लोटत दाराशी गेले. पैलवान खाली बघत म्हणाला, "घड्याळ, बाबागाडी मिटवून चढायचं. नियम आहे."

मला माहीत आहे नियम आहे. तो पाळत नाही म्हणून मीच दोन वेळा त्याची तक्रार केली होती.

बाबागाडी मिटवायला दोन हात आणि एक पाय लागतो. त्यासाठी थोरलीला आधी बाहेर काढावं लागतं. बाहेर काढलं की ती पळते. तिला धरायला एक हात. धाकट्याचं डोकं सांभाळायला एक. असे एकूण चार हात नि एक पाय झाले, दुसऱ्या पायावर उभं राहायचं. एका बाईला मी एकदा म्हटलं होतं, "जरा लवकर आवरा हो, मागे लोक खोळंबलेत." तिने फक्त बघितलं होतं माझ्याकडे. आज ती भेटली असती तर पाया पडले असते. अर्थात धाकटा बांधलेला असताना वाकताही येत नाही.

बस वेळेवर सुटली. आम्ही नाही.

१० मार्च, मंगळवार

नवऱ्याने बाबागाडी वर आणून दिली, घरीच मिटवायचा सराव. वीस वेळा. अंगठा चेमटला. थोरली प्रत्येक वेळी टाळ्या वाजवत होती. ही नसेल तर या घरात टाळ्या कोण वाजवणार?

११ मार्च, बुधवार

लिहायलाही लाज वाटतेय.

वेळेवर निघालो. थोरलीचे बूट पायात, धाकटा झोपलेला, बस उभी, हातात आठ मिनिटं शिल्लक. सगळं इतकं नीट जमलं की डोकं चालायचंच थांबलं. पाय आपोआप गेले — बसला वळसा घालून ड्रायव्हरच्या दाराशी! सात वर्षांची सवय. तिथे जाऊन उभी राहिले, दांडीवर हात ठेवून, आता चढायचं म्हणून.

पैलवानाने खिडकी उघडली. "अरे वा, बाळाला दाखवायला आणलंस होय! कुणावर गेलाय? नाक तुझं आहे." मी त्याच्याशी नाकाबद्दल बोलले. कपाळाबद्दलही बोलले. मग त्याने मनगटावरचं घड्याळ बघितलं, "चल, वेळ झाली माझी," म्हणाला, थोरलीला टाटा केला आणि गेला.

थोरलीने बराच वेळ टाटा केला. मी पण केला. दुसरं काय करणार?

१३ मार्च, शुक्रवार

उद्या.

आजपर्यंत एकदाही बसमध्ये चढलेले नाही. नवऱ्याला म्हटलं, समज नाही जमलं तर? तो पाव कापत होता. म्हणाला, "मी येऊ का सुट्टी काढून?" म्हटलं, एकटीने जायचं ठरलंय. उरलेला पाव कापून संपवला. मग म्हणाला, "मलाही नकोय ती जायला."

"मग ताईंना सांगत का नाहीस?"

"आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. ताईने वाढवलं मला. तिला नाही म्हणायला तोंडच उघडत नाही."

इतकी वर्षं मला वाटायचं, हा घाबरतो ताईंना. तसं नाहीये. पण त्याने माझा प्रश्न सुटत नाही. थोरली झोपलीय, एक हात माझ्या वेणीत अडकवून. मला तिला द्यायची नाहीये. सहा महिने तर नाहीच, सहा दिवसही नाही. तिला आत्ता कुठे 'आपण' म्हणता येतंय.

१४ मार्च, शनिवार

सविस्तर लिहिते.

पावणेनऊला खाली. शिंपीणबाई दारात — आज आमच्या पुढे जाऊन फाटक उघडून धरलं. थांब्यावर बस उभी. मी या बाजूच्या, प्रवाशांच्या दाराशी गेले (हे मुद्दाम लिहून ठेवते). बाबागाडी एका झटक्यात मिटली! आता ती उचलायची कशी हे सरावात नव्हतं. एक रंगारी होता रांगेत, अंगावर निळे डाग. त्याने न विचारता ती उचलून आत ठेवली. थोरलीला पण ठेवलं. मग मला म्हणाला, "तुम्ही चढाल ना?"

निम्म्या वाटेत धाकटा उठला. सहा आठवड्यांचा जीव, आवाज हॉर्नसारखा. भूक लागली होती. गर्दीत झोळी सोडून पाजणं जमेना. थोरलीही त्याला साथ द्यायला लागली. चार थांबे आधीच उतरले. मी! माझ्या बसमधून कुणी असं मधेच उतरायला लागलं की मी आरशात बघून मान हलवायची.

एका कुलूपवाल्याच्या दुकानाच्या पायरीवर बसून त्याला पाजलं. कुलूपवाल्याने स्टूल आणून दिलं आणि पाठ करून उभा राहिला. थोरलीला त्याने किल्ल्यांचा जुडगा दिला. तो परत घ्यायला आम्हा दोघांना वीस मिनिटं लागली. तोवर दुसऱ्या बसची वेळ गेली. म्हटलं, चालत जाऊ. चार थांबे काय, हां हां म्हणता — पण चढाचा रस्ता होता. बसमध्ये बसून चढ कळत नाही.

स्टँडवर पोचले तेव्हा अकरा वाजून सतरा मिनिटं. सत्तेचाळीस मिनिटं उशीर! ताईंची गाडी केव्हाच येऊन रिकामी होऊन गेलेली. शेवटच्या फलाटावर त्या बाकावर बसल्या होत्या, शेजारी ही एवढी बॅग. दुरून पाठ दिसली. आधी ओळखलंच नाही. ताई इतक्या लहान कधी झाल्या?

समोर जाऊन उभी राहिले. घामाघूम, ब्लाउजवर दूध, थोरलीचा एक बूट गायब. म्हटलं, "उशीर झाला."

"मी वेळेवर ये कुठे म्हटलं होतं? ये म्हटलं होतं. आलीस." मग थोरलीकडे हात केले. ती लगेच गेली. ताईंनी तिच्या मानेत तोंड खुपसलं आणि बराच वेळ वर केलंच नाही. मला वाटलं, हरल्याचं वाईट वाटलं असेल. मी जिंकले होते. जिंकल्यासारखं का वाटत नव्हतं कळेना.

परत येताना बॅग आम्हा दोघींना मिळून उचलेना. कंडक्टर म्हणाला, "लग्नाला निघालात का?" ताई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

१५ मार्च, रविवार

ताईंची परतीची गाडी साडेनऊची. आठला मीच विचारलं, "राहता का?" त्यांनी बॅग उघडली. वर चार स्वेटर — मार्चात! त्याखाली टॉवेलात गुंडाळलेला मिस्टरांचा फोटो.

थोरलीला न्यायला आलेलं माणूस एवढं सामान आणत नाही. मी कपाटाचा एक कप्पा रिकामा केला.